१५९ हा आकडा बदलापुरात काय सांगतो?

वृत्तपत्रस्वातंत्र्यावरचा जवळजवळ प्रत्येक संशोधन-आराखडा एकाच वाक्याने सुरू होतो: जागतिक निर्देशांकात भारत १८० देशांत १५९वा. माझाही तसाच सुरू झाला होता. गाईडनी विचारलं, "बरं, मग बदलापुरात काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हा निर्देशांक 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स' काढते. पत्रकारांवरच्या हल्ल्या-अटकांची मोजणी आणि तज्ज्ञांनी भरलेली प्रश्नावली, यांतून गुण ठरतात. २०२४ मध्ये आपण १५९वे, २०२५ मध्ये १५१वे. सुधारलो? गुण बघा: १०० पैकी ३१.२८ वरून ३२.९६. दोन गुणही वाढले नाहीत आणि पायऱ्या मात्र आठ चढलो. दुसरे देश घसरले तरी आपला क्रमांक वर जातो, म्हणून आराखड्यात नुसता क्रमांक कधीच टाकू नका.

आता या दोन आकड्यांच्या मधलं बदलापूर घ्या. शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचा गुन्हा १६ ऑगस्ट २०२४ ला नोंदवला गेला. २० तारखेला लोक रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास बंद राहिल्या. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तीही त्यानंतर. त्या आंदोलनाचं वार्तांकन करणाऱ्या स्थानिक महिला पत्रकाराला एका माजी नगराध्यक्षाने अश्लील भाषेत सुनावल्याचा आरोप झाला, गुन्हाही दाखल झाला.

निर्देशांक खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्याचं एकक देश आहे, आणि आपला प्रश्न गावाचा. अंबरनाथ-बदलापूरकडचा बातमीदार बऱ्याचदा स्ट्रिंगर असतो. मानधन तुटपुंजं, वर जाहिराती आणायच्या. ज्या नगरसेवकाविरुद्ध बातमी लिहायची, त्याच्याच वाढदिवसाची जाहिरात मागायची! हा दबाव कुठल्या पोलीस ठाण्यात नोंदणार?

कायद्याचंही तेच. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा मंजूर केला. तीन वर्षांपर्यंत कैद, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. कागदावर चांगला आहे. पण व्याख्या वाचा: पत्रकारिता हा 'मुख्य व्यवसाय' हवा, आणि संस्थेत नियमित किंवा कंत्राटी नोकरी हवी. दिवसा दुकान सांभाळून संध्याकाळी बातम्या पाठवणारा यात बसतो का? माझ्या मते इथेच खरं संशोधन आहे, आणि त्यासाठी पॅरिसच्या तक्त्याची गरज नाही.

मी ते पहिलं वाक्य खोडलंय. सध्या १६ ते २० ऑगस्टचे स्थानिक अंक काढून बसलोय: बातमी कोणत्या पानावर, किती ओळींची, आणि शेजारी जाहिरात कुणाची.