मातीचे मावळे आणि आमचे स्मरणरंजन

दिवाळी अंकांच्या नित्यक्रमातील एक ठरलेला प्रकार म्हणजे किल्ल्यावरचा ललितलेख. नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्या आम्हां लोकांच्या हाती जे अंक येतात, त्यांत हा लेख सहसा चुकत नाही. आजोळचे अंगण, पोत्यावर थापलेला चिखल, पेरलेले हळीव, त्याला फुटलेले कोवळे कोंब आणि शेवटी ‘ते दिवस गेले’ हा निःश्वास, असा त्याचा साचा आहे. लिहिणाऱ्याची भाषा बहुधा नेटकी असते. भावनाही खोटी नसते. तरी लेख संपल्यावर काही महत्त्वाचे राहून गेल्याची रुखरुख लागते. या किल्ल्यावर आपण खेळत होतो, हेच लेखक विसरलेला असतो.

किल्ला म्हणजे देखावा, अशी आता सार्वत्रिक समजूत झाली आहे. ठिकठिकाणी किल्ल्यांच्या स्पर्धा होतात. राजगड, प्रतापगड यांच्या प्रतिकृती नकाशे पाहून उभारल्या जातात. बुरुजाबुरुजावर नावाच्या चिठ्ठ्या लागतात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी अशा बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिल्यापासून हा उत्साह अधिकच वाढला. त्यात वावगे काही नाही. इतिहासाचे ज्ञान आमच्या वेळेपेक्षा आजच्या मुलांना निश्चित अधिक आहे. परंतु अशा किल्ल्यावरील मावळा जागचा हलत नाही. तो फुलदाणीतील फुलासारखा ठेवलेला असतो.

आमचे मावळे हलत असत. १९९० च्या दशकात साताऱ्याच्या ज्या वाड्यात आम्ही वाढलो, तेथे दर दिवाळीस दोन किल्ले होत; एक विहिरीजवळ, दुसरा जिन्याखाली. मावळे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या धोतराच्या चिंध्यांत वर्षभर निजलेले असत. पुण्याच्या कुंभारवाड्यातून मामाने आणलेले काही भाजल्या मातीचे होते. साच्यातून काढलेले, पण डोळे व मिशा हाताने रंगविलेल्या. त्यामुळे एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नसे. पुढे आले ते प्लास्टरचे. दिसायला गुळगुळीत, वजनाला हलके, आणि पडले की मान आधी तुटणार. त्यांच्यात प्रमाणाचा कसलाही धरबंध नव्हता. गुहेतला वाघ दरवाजाहून मोठा, गवळण तोफेहून उंच, आणि बालेकिल्ल्यावर आमच्या धाकट्या भावाने हट्टाने उतरविलेले प्लास्टिकचे हेलिकॉप्टर. आजच्या परीक्षकांनी त्याचे गुण कापले असते. आम्हांला मात्र महाराजांच्या दिमतीला हेलिकॉप्टर असण्यात काहीच विसंगत वाटत नसे. अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांची जी सरमिसळ पुढे पाश्चात्त्य खेळांत पाहिली, ती आमच्या अंगणात कोणत्याही ग्रंथाच्या आधारावाचून झालेली होती.

लढाई गोट्यांची असे. ठरलेल्या रेघेवरून गोटी सोडायची. पडला तो मावळा गेला. भिंतीला टेकून तिरका राहिलेला मेला की जिवंत, यावरून एकदा दोन दिवस अबोला झाला होता. शत्रूचे सैन्य बाजारात सहसा मिळत नसे. आमच्या डब्यात एक अफझलखान होता, पण तो महाराजांना चिकटूनच घडविलेला. लढण्याच्या अवस्थेत नव्हता. म्हणून विहिरीचा किल्ला जिन्याच्या किल्ल्याचा शत्रू, आणि दोन्हीकडे मावळेच. महाराजांच्या सिंहासनाला गोटी लागली तर लावणाऱ्याचा डाव जाई. पूज्यभाव आमच्या ठायीही होता. फक्त तो खेळाचा नियम होऊन आला होता. ललितलेखकांच्या स्मरणात हा नियम कोठेच आढळत नाही.

या संदर्भात एका इंग्रजी पुस्तकाचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. कालयंत्राची आणि मंगळवासीयांच्या पृथ्वीवरील स्वारीची कथा लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. वयाची पंचेचाळिशी उलटलेला हा नामांकित लेखक खेळण्यातले शिपाई जमिनीवर मांडून बसतो आणि त्यांच्या लढाईचे नियम न्यायाधीशाच्या गांभीर्याने लिहून काढतो. पायदळाने एका चालीत एक फूट सरकावे, घोडदळाने दोन. चाल घड्याळ लावून करावी. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा सोडावा. गोळा लागूनही उभा राहिलेल्या शिपायाचे काय करायचे, याचाही त्यांनी निवाडा केला आहे! तो वाचताना आमचा अबोला आठवला. अखेरीस, या खेळापुढे खरे युद्ध किती बेंगरूळ, असे ते म्हणतात. आणि वर्षभरातच पहिले महायुद्ध पेटते. या पुस्तकात एकही निःश्वास नाही. वेल्स बालपण आठवत नाहीत, ते खेळतात.

हीच परंपरा पुढे १९८३ च्या ‘वॉरहॅमर’ मध्ये आणि १९८७ च्या त्याच्या अंतराळातील अवतारात आली. बुटके, राक्षस, चिलखती अंतराळवीर असे शिशाचे इंचभर पुतळे इंग्लंडमधील मुले जमवू व रंगवू लागली. ती मुले आता पन्नाशीला आली. त्यांच्यापैकी काहींनी ‘ओल्डहॅमर’ नावाचा पंथच काढला आहे. जुने पुतळे शोधायचे, त्यांचा रंग काढून पुन्हा रंगवायचे, आणि तेव्हाच्याच नियमपुस्तकाने लढाई लावायची. त्यांच्यातही पाकीट न फोडता भाव वाढण्याची वाट पाहणारे महाभाग आहेतच. तथापि ज्याला स्मरण म्हणावे, ते या लोकांच्या बोटांत आहे. त्यांना पुन्हा हरण्याची तयारी ठेवावी लागते. आमचा ललितलेखक कधीच हरत नाही, कारण तो डाव मांडतच नाही. म्हणूनच त्याचे लेखन दहाव्या वर्षीही पहिल्यासारखेच ओले आणि तितकेच निश्चल राहते.

हे लिहिताना आम्ही स्वतःस वगळत नाही. बदलीनंतर आझाद हिंद एक्स्प्रेसने दुर्गला उतरलो, तेव्हा तो डबा सामानात होता. भिलाईत मावळे घडविणारा कुंभार आम्हांस आढळला नाही. येथले कुंभार पोळ्याला चाकांचे नंदिया बैल करतात आणि दिवाळीत गौरा-गौरीची पूजा होते. पहिली तीन वर्षे आम्ही क्वार्टरच्या अंगणात लाल मुरमाचा किल्ला केला, मावळे मांडले, छायाचित्र काढून घरच्यांना पाठविले, आणि डबा बंद केला. म्हणजे तोच ललितलेख, केवळ शब्दांवाचून.

गेल्या दिवाळीत शेजारचा छत्तीसगढी मुलगा आपला पोळ्याचा बैल घेऊन आला आणि किल्ला कोणाशी लढतो, असे विचारू लागला. आमच्या मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्हांला उत्तर सुचेना. संध्याकाळपर्यंत नळाजवळ दुसरा किल्ला उभा राहिला. मावळ्यांची वाटणी झाली. मान तुटलेले दोघे त्या मुलाने आपण होऊन घेतले. चाकांच्या बैलावर पेनाचे टोपण बांधून तोफ झाली. गोटी लागून बैल कलंडला तर तोफ गेली की केवळ बैल, या प्रश्नावर आमचा निवाडा दोन्ही पक्षांनी अमान्य केला, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तो वाद मिटलेला नव्हता.