संशय आणि निश्चिती

टिमथी इव्हान्सची पत्नी व तान्ही मुलगी यांचे १९४९ साली लंडनमध्ये खून झाले. मुलीच्या खुनाबद्दल १९५० साली त्याला फाशी झाली. त्याच्याविरुद्धचा प्रमुख साक्षीदार ख्रिस्ती १९५३ मध्ये स्वतःच खुनी ठरून फासावर गेला. लडोव्हिक केनेडी यांच्या ‘टेन रिलिंग्टन प्लेस’ने (१९६१) इव्हान्सची बाजू समर्थपणे मांडली, हे श्रेय निर्विवाद होय. परंतु त्याचा कबुलीजबाब पोलिसांनीच वदवून घेतला, असे निःशंकपणे सांगताना केनेडी वकिलाचा झगा चढवतात. १९६६ च्या ब्रेबिन चौकशीने मुलीचा खून बहुधा त्याने केला नसावा, पत्नीचा मात्र केला असावा, असा निष्कर्ष काढला; त्याच वर्षी त्याला मरणोत्तर माफी मिळाली. आरोपीस सोडावयास संशय पुरतो. लेखकास निश्चितीने बोलावयास तो पुरत नाही. म्हणून प्रतिकूल पुराव्याची लेखक कितपत दखल घेतो, हीच अशा ग्रंथांची कसोटी आम्ही मानतो.