उचल कोणाच्या वहीत?

दलित कवितेची, आत्मकथनांची समीक्षा आपण पुष्कळ केली. ज्या पाठ्यपुस्तकांवर आमची मुले वाणिज्य आणि व्यवस्थापनाची पदवी घेतात, त्या पुस्तकांची मात्र फारशी केली नाही. वास्तविक तीही एका समाजाचे चित्र काढणारी पुस्तके आहेत.

हिशेबशास्त्राचे पहिले उदाहरण ठरलेले असते: अमुक यांनी रोख भांडवल आणून व्यवसाय सुरू केला. भांडवल आणले कोठून, हे गणित विचारीत नाही. रोजकीर्दीच्या पहिल्या ओळीआधीचा सगळा इतिहास वहीबाहेर राहतो.

मी हा विषय शिकवितो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराच्या मुलाने परीक्षेत ‘उचल’ ही रक्कम मालकाच्या भांडवलातून वजा न करता देणे म्हणून दाखविली. ताळेबंद जुळला नाही. मी गुण कापले. नंतर उमगले की चूक त्याच्या अभ्यासात नव्हती. पुस्तकातली उचल म्हणजे मालकाने स्वतःच्या धंद्यातून घरखर्चासाठी काढलेला पैसा. त्याच्या घरातली उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या मानेवर बसते. शब्द एक, पण एका वहीत तो मालकाचा हक्क आहे आणि दुसऱ्या वहीत मजुराचे दावे. आमच्या पुस्तकाला पहिलीच वही ठाऊक आहे.

म्हणून हे शास्त्र नाकारावे, असे मी म्हणणार नाही. द्विनोंद पद्धतीत प्रत्येक नावेला जमा दाखवावी लागते. पैसा कोठून आला आणि कोठे गेला हे सांगावेच लागते. सावकाराच्या वहीवर आमच्या बापजाद्यांनी अंगठे उठविले ते वही वाचता येत नव्हती म्हणून. बाबासाहेबांनी १९२५ पासून काही वर्षे मुंबईच्या बाटलीबॉय अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकविला, हे आपल्या व्याख्यानांतून क्वचितच ऐकू येते.

खरी पोकळी उद्योजकतेच्या पुस्तकात आहे. तेथे धाडस, चिकाटी, दूरदृष्टी अशा गुणांची यादी पाठ करावयाची असते. १९१७ साली परदेशातून परतलेल्या, अर्थशास्त्रात पारंगत असलेल्या बाबासाहेबांपाशी यांपैकी काय कमी होते? शेअर्सविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी मुंबईत सुरू केला. सल्ला तोच, सल्लागार तोच. जात कळली आणि गिऱ्हाईक तुटले. धंदा वेगळा आणि मालक वेगळा, हे हिशेबशास्त्राचे मूळ गृहीतक. ते येथे कोसळते. सरासरी नफ्याला ठरावीक वर्षांनी गुणले की व्यवसायाची ‘ख्याती’ निघते, असे पुस्तक शिकविते. जातीमुळे जी ख्याती आधीच उणे असते तिचे सूत्र त्यात नाही.

याच्या शेजारी कोल्हापूरचे उदाहरण ठेवून पाहावे. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी मदत केली आणि हॉटेल निघाले. परंतु केवळ पैशाने कपाला ओठ लागत नाहीत. महाराज स्वतः तेथे चहा पिऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. ख्याती राजाने आणून दिली. २०१६ साली स्टँड अप इंडिया योजनेने दलित, आदिवासी व स्त्रियांसाठी १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद केली. कर्ज बँक देईल. गिऱ्हाईकाच्या मनातली विटाळाची नोंद कोण खोडणार?

नेतृत्वाच्या प्रकरणाबद्दल थोडक्यातच. मॅस्लोच्या उतरंडीत तहान तळाशी आणि आत्मसन्मान वरच्या पायरीवर. १९२७ साली महाडला आमच्या माणसांनी एकाच ओंजळीत दोन्ही घेतले. त्या सत्याग्रहाची संघटना, वर्गणी, प्रचार यांवर एखादा पाठ का नसावा?

त्या मुलाला मी मुकादमाच्या डायरीवरून घरची रोजकीर्द लिहून आणावयास सांगितले. त्याने उचल, तोडलेल्या उसाची मजुरी, खाडे, सगळे मांडून आणले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि डायरीत नाव एकट्या बापाचे. ‘सर, आईचे खाते कोठे उघडू?’ त्याने विचारले.