साखळीपलीकडचे झरे

रॉबर्ट पर्सिग यांचा 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हा ग्रंथ १९७४ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी शंभराहून अधिक प्रकाशकांनी तो नाकारला होता. आज त्याची थोरवी सर्वमान्य आहे, आणि ती उणावण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्यातील एका लहानशा टप्प्यावर ग्रंथाचा मूळ सिद्धान्तच कसास लागतो, आणि तेथे ग्रंथकार स्वतःच्या कसोटीस उतरत नाही, असे आम्हांस वाटते.

कथेस आधार आहे तो १९६८ सालच्या प्रवासाचा. एका मोटरसायकलवर निवेदक व त्याचा मुलगा ख्रिस. दुसरीवर मित्र जॉन व त्याची पत्नी सिल्व्हिया. मिनेसोटातून निघून ही मंडळी पश्चिमेकडे जातात. जॉनला वाहनावर आरूढ होण्याचा आनंद हवा. त्या वाहनाच्या पोटात काय चालते हे जाणण्याची इच्छा नाही. त्याच्या गाडीचे हँडल सैल होते, तेव्हा निवेदक बिअरच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये बसविण्याचे सुचवितो. आपल्या किमती बी.एम.डब्ल्यू.ला डब्याचा पत्रा! जॉन दुखावतो. मैत्रीतील या बारीकशा चिरेतून पर्सिग दोन दृष्टींचा भेद उकलतात: एक रूपावर लुब्ध होणारी, दुसरी रचना जाणणारी. दोहींचा मेळ ते 'क्वालिटी'त घालतात, आणि तिची आतली बाजू म्हणजे आस्था, असे सांगतात.

पुढे हे प्रवासी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान ओलांडतात. १८७२ साली स्थापन झालेल्या या उद्यानात, कोकणात ज्यांना आपण उन्हाळे म्हणतो तसल्या झऱ्यांसह दहा हजारांहून अधिक उष्णोदकस्थाने आहेत. जगातील सुमारे निम्मे गायझर येथेच आहेत. ग्रंथात मात्र या स्थळाच्या वाट्यास येतो तो तिटकारा. हे अवाढव्य वस्तुसंग्रहालय आहे, सत्याचा आभास निर्माण करण्यासाठी नीटनेटके मांडून साखळ्यांनी बंदिस्त केलेले आहे, असा त्याचा आशय. हे मत निवेदकाच्या पूर्वरूपाचे, फीड्रसचे, आहे हे खरे. परंतु निवेदक ते खोडून काढीत नाही.

येथे आमचा आक्षेप आहे. गायझर म्हणजे निसर्गाने घडविलेले यंत्रच नव्हे काय? अरुंद नळीत वरच्या पाण्याच्या भारामुळे खालचे पाणी अतिशय तापूनही उकळत नाही. वरचे थोडे सांडले की दाब उतरतो, खालच्या पाण्याची एकाएकी वाफ होते आणि सारा स्तंभ उसळतो. 'ओल्ड फेथफुल'चा फवारा सुमारे दीड तासाच्या अंतराने ३० ते ५५ मीटर उंच जातो. रूप आणि रचना यांचे असे अद्वैत मोटरसायकलीतही सापडणे कठीण. तरीही मित्राला यंत्राकडे पाठ फिरविल्याबद्दल बोल लावणारा हा लेखक येथे, साखळी दिसताच, स्वतःच पाठ फिरवितो.

आणि ती साखळी तरी कशासाठी? झऱ्यांभोवतीचे कवच पातळ असते. आजवर वीसहून अधिक माणसे त्या पाण्यात भाजून मृत्यू पावली आहेत. झऱ्यांनाही माणसांपासून जपावे लागते. 'मॉर्निंग ग्लोरी' या निळ्या कुंडात प्रेक्षकांनी नाणी व कचरा टाकला. उष्ण पाण्याची वाट कोंडली, कुंड थंडावले आणि काठचे पिवळे-नारिंगी रंग आत सरकले. देखभालीवर अवघा ग्रंथ रचणाऱ्यास कुंपण ही देखभालच आहे, हे उमगू नये, याचे नवल वाटते.

ही विसंगती अधिकच बोचते ती काशीतील एका प्रसंगामुळे. तेथे अध्यापक जग मिथ्या म्हणतात. हिरोशिमा व नागासाकीवरील बॉम्बही मिथ्याच काय, असे विचारून होकार मिळताच फीड्रस वर्ग सोडतो. जगाला आभास म्हणणे ज्याला सोसले नाही, तोच उकळत्या, प्राण घेणाऱ्या पाण्याला सत्याचा आभास मानतो!

हा ग्रंथ शिकविताना अध्यापक बहुधा जॉनचे न्यून दाखवितात. त्याच कसोटीवर यलोस्टोनचे पानही विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, असे आम्ही सुचवितो. गर्दीचा वीट येणे स्वाभाविक आहे. पण त्या विटापायी वस्तूचे मोल ठरविणे ही आस्था नव्हे.