सुकाणूवर कोण होतं?

जोशुआ स्लोकमचं ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ १९०० साली पुस्तकरूपाने आलं. वाचकांना त्यातली वादळं आठवतात, मॅजेलनच्या सामुद्रधुनीत डेकवर पसरलेले बारीक खिळे आठवतात. मला मात्र हे सगळं पुस्तक एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतं: सुकाणूवर कोण होतं? स्लोकम त्याचं उत्तर दोनदा देतो.

पहिलं उत्तर जुलै १८९५ मधलं. अझोर्सहून निघाल्यावर प्लम आणि चीज खाऊन त्याच्या पोटात असह्य कळा येतात, तो केबिनमध्ये कोसळतो. ग्लानीत त्याला चाकापाशी एक उंच, परका खलाशी दिसतो. आपण कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजाचे वाटाडे आहोत, असं तो सांगतो. शुद्धीवर येऊन पाहावं, तर त्याची होडी ‘स्प्रे’ रात्रभरात खवळलेल्या समुद्रातून नव्वद मैल गेलेली, तीही नेमक्या वाटेवर!

दुसरं उत्तर परिशिष्टात आहे. ते समजायला थोडं शिडांचं गणित हवं. वाऱ्याच्या अंगाला धरून चालणाऱ्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बहुधा वाऱ्याकडे वळू पाहते. हीच वेदर हेल्म. शिडांवरचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, पाण्याखालच्या अंगाचा आडवा विरोध जिथे एकवटतो त्याच्या मागे गेला, की ही ओढ वाढते. डोलकाठी मागे कलवली की नेमकं हेच होतं. काठीला पुढून धरणारा दोर आखूड करून काठी उभी केली की ओढ घटते. होडी कुशीवर कलली तरीही ओढ वाढते, कारण शिडांचा जोर बाहेरच्या बाजूला जातो. म्हणून जोराच्या वाऱ्यात काठीला हात लावण्याआधी मोठं शीड आखडावं. थोडी ओढ मात्र हवीच. हात सुटला तर होडी आपसूक वाऱ्याकडे तोंड करते आणि तिचा वेग पडतो. ओढ फार झाली तर सतत वाकडं धरलेलं सुकाणू पाणी अडवून वेग खातं. (आपल्या कोकणातल्या जुन्या गलबतांची काठी पुढे कललेली असे. त्यांच्या लांब तिरक्या शिडाचा बराच भाग काठीच्या मागे पसरे. काठीही मागे कलली असती तर जोर फारच मागे गेला असता.)

ब्युनोस आयर्सला स्लोकमने ‘स्प्रे’ची डोलकाठी सात फुटांनी आणि नाळेपुढचा दांडा, बोस्प्रिट, सुमारे पाच फुटांनी कमी केला. पहिल्या बदलाने होडी कमी कलते, ओढ घटते; दुसऱ्याने पुढची शिडं मागे येतात, ओढ वाढते. पुढे मागच्या टोकाला एक छोटं शीड आलं. त्यामुळे जड मोठं शीड लहान करता आलं, असं तो नोंदवतो. वारा पाठीमागून असला की ते छोटं शीड तो गुंडाळूनच ठेवी.

परिशिष्टातला मला सर्वांत प्रिय भाग चाक बांधण्याचा आहे. सुकाणूचा योग्य कोन सापडायला वेळ लागत नसे, सापडला की तो चाक त्याच कोनात बांधी. इथवर वाक्याचा कर्ता स्लोकम आहे. त्यानंतर कर्ता बदलतो: मोठं शीड होडी चालवतं, मध्यावर ताणून बसवलेलं पुढचं शीड, जिब, तिला स्थिर ठेवतं. वाक्यरचनेतूनच माणूस बाजूला होतो. १८९७ मध्ये थर्सडे आयलंडहून कोकोस-कीलिंगपर्यंतचे २,७०० मैल त्याने २३ दिवसांत काटले, आणि तेवढ्यात चाकापाशी तो तीन तासही बसला नाही. हा आकडा कुठल्याही वादळापेक्षा मला मोठा वाटतो.

परिशिष्ट वाचून अझोर्सच्या रात्रीकडे परत गेलो की तिथे आधी नजरेतून निसटलेलं एक वाक्य थांबवतं. कळा सोसत असताना, होडी थोपवून धरायला हवी होती, हे स्लोकम कबूल करतो. पण त्याने तसं केलं नाही. दोनदा आखडलेलं मोठं शीड आणि पूर्ण जिब लावून त्याने ‘स्प्रे’ला वाटेला लावलं आणि मगच तो खाली गेला. मागचं शीड लहान, पुढचं भरलेलं: जोर पुढे सरकला, कल कमी झाला, वाऱ्याकडची ओढ मंदावली. वाटाड्या दिसण्याच्या आधीच त्या रात्रीचं सगळं सुकाणूकाम एका वाक्यात सांगून झालेलं आहे. स्लोकम त्याकडे बोट दाखवत नाही. वाटाड्याला तो पूर्ण मानाने पानावर येऊ देतो, आणि पुढे कुठेही त्याला खोटं पाडत नाही.