एक मित्र आणि एक समाज

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे, वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे आत्मकथन २०१२ साली प्रसिद्ध झाले. ही दोन्ही आम्ही लागोपाठ वाचली, तेव्हा नाटकातील शोकाचे खरे कारण आत्मकथनाने आम्हांस दाखविले.

मित्राचे मन स्त्रीकडे ओढ घेते, आणि हे ती केवळ बापूजवळ बोलू शकते. बापू सालस आहे. तिच्यासाठी तो पुष्कळ सोसतो. परंतु आपल्यासारखे आणखी कोणी आहे आणि ते धडपणे जगत आहे, हे तिला दाखविणे त्याच्या हाती नाही. म्हणूनच ती आपल्या आयुष्याचा सारा भार नमाच्या प्रेमावर टाकते. तो आधार सुटताच उरतो तो आत्मघात. एकट्यादुकट्याच्या सहानुभूतीची मर्यादा तेंडुलकरांनी निष्ठुरपणे, पण न्यायाने दाखविली आहे.

उत्तर प्रदेशातून येऊन ठाण्यास स्थिरावलेल्या कुटुंबातील लक्ष्मी यांनीही बालपणी छळ सोसला. मात्र अशोक राव कवी यांच्याकडून त्यांना कळले की, आपल्यात विकृत असे काही नाही. पुढे त्या हिजडा समाजात गुरूच्या चेला झाल्या. या समाजाचे चित्र गोडगोड रंगविलेले नाही, हा पुस्तकाचा मोठा गुण होय. तेथेही शिस्त आहे, बंधने आहेत, रुसवेफुगवे आहेत. पण स्वतःविषयी खुलासा देत बसावे लागत नाही. आईवडिलांनीही त्यांना अंतर दिले नाही. उत्तरार्धात परदेशप्रवासांची जंत्री लांबते, एवढा दोष नमूद करणे भाग आहे.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. परंतु न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत माणसाला जगवितात ती माणसेच, हे या दोन कृती शेजारी ठेवल्या म्हणजे पटते.

परप्रांती नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना चार आपल्या माणसांची किंमत सांगावयास नको. गणेशोत्सवाला महाराष्ट्र मंडळात शिरताच जीव कसा सैल होतो, ते आपण जाणतोच. तथापि ही तुलना फार ताणू नये. आपले परकेपण बदलीच्या हुकुमाने संपते. मित्राला तसा हुकूम कधीच येणार नव्हता. म्हणूनच तिला मंडळाची गरज आपल्याहून कितीतरी अधिक होती.