ट्रेलरचे व्याकरण

आगामी चित्रपटाच्या झलकेस ‘ट्रेलर’, म्हणजे मागून येणारा, हे नाव पडले. कारण आरंभी ती मुख्य चित्रपटाच्या शेवटी जोडली जाई. पुढे ती आधी दाखविली जाऊ लागली, तरी नाव तेच राहिले. तिचे संकेत आज सर्वपरिचित आहेत : संदर्भातून तोडलेले संवाद, मध्येच काळा पडदा व त्यावरील अक्षरे, चढत जाणारे संगीत, अकस्मात शांतता आणि अखेरीस प्रदर्शनाची तारीख. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. ट्रेलर हे क्रियापद राखून ठेवलेले वाक्य होय. कर्ता दिसतो, कर्मही दिसते. काय घडले हे कळण्यासाठी मात्र तिकीट काढावे लागते.

असे वाक्य वचन ठरते काय, हा प्रश्न मराठवाड्यातूनच न्यायालयात गेला. ‘फॅन’ (२०१६) या हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत गाजलेले गीत चित्रपटात नव्हते, म्हणून औरंगाबादच्या एका शिक्षिकेने ग्राहक म्हणून दाद मागितली. राज्य आयोगाने तिला १०,००० रुपये भरपाई व ५,००० रुपये खर्च देवविला. राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय कायम केला. परंतु एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. ट्रेलर हा एकतर्फी असून तो कराराचा प्रस्ताव नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले.

कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. समीक्षेचे काम मात्र तेथे संपत नाही. ‘फॅन’नंतर दोनच आठवड्यांनी ‘सैराट’ प्रदर्शित झाला. त्याच्या प्रसिद्धीत प्रेम आणि गीते पुढे होती. शेवटचा निःशब्द, रक्तलांछित प्रसंग झाकलेला होता. तेथेही प्रेक्षकाची अपेक्षा मोडली; तथापि फसवणूक झाली नाही. दाखविलेली गीते चित्रपटात होती आणि त्यांच्या माधुर्यामुळेच तो शेवट अधिक दारुण झाला. ‘सैराट’ने क्रियापद राखून ठेवले, ‘फॅन’च्या जाहिरातीने मूळ वाक्यात नसलेला शब्द उच्चारला. पहिली व्यंजना, दुसरे असत्य विधान.

हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नव्हे. उमरीहून नांदेडला चित्रपट पाहावयास जाणारा प्रेक्षक तिकिटाखेरीज प्रवासाचे भाडे आणि दिवसाची मजुरीही खर्ची घालतो, आणि ते सर्व त्या दोन-अडीच मिनिटांच्या भरवशावर. कायदा त्यास वचन मानीत नसला, तरी ऐकणारा ते वचन म्हणूनच ऐकतो. भाषेचा विचार करणाऱ्याने बोलणाऱ्याच्या हेतूइतकेच ऐकणाऱ्याच्या ग्रहणासही प्रमाण मानले पाहिजे.